मालक, जाऊ का?

प्रिय ईशान आणि मीरा,

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून छापून घेतला आहे आणि टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. नदीकाठची वाट, दोन्हीकडे शेते, मध्ये एक छोटे लाकडी फाटक आणि त्यावर पिवळा बाण. मीरा, तू खाली लिहिले आहेस, ‘आजी, इथे दुसऱ्याच्या शेतातून चालत गेलं तरी कोणी रागवत नाही. तुमच्याकडे असं चालता येतं का?’ फोनवर मी नुसते ‘हो’ म्हणाले. पण त्या ‘हो’मागे एक बाई आहेत आणि त्यांना पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. म्हणून हे आताच लिहून ठेवते. अडेल तिथे आई वाचून दाखवेल.

त्यांना सगळे कनीज आपा म्हणत. मी लग्न होऊन तेव्हाच्या औरंगाबादेत आले आणि मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले, तेव्हा त्या तिथे भूगोल शिकवत होत्या. उंच, जरा वाकून चालणाऱ्या, पांढरी सुती साडी आणि डोक्यावरून कधी न घसरणारा पदर. हिवाळा लागला की रविवारी त्या मुलींना नदीकाठाने चालायला नेत. “नदी फळ्यावर वाहत नाही, कुमुदबाई,” असे म्हणून पहिल्याच वर्षी त्यांनी मलाही सोबत घेतले.

सकाळच्या एसटीने खुलताबादला उतरायचे, वेशीतून बाहेर पडायचे, डोंगर उतरून गिरिजा नदीच्या काठाला लागायचे आणि पाण्याच्या चालीने चालायचे. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली असे. नदी कुठे काठ खाते आणि कुठे गाळ ठेवते, हे आपा मुलींना हाताने चाचपून पाहायला लावत. दुपारी एका जुन्या बाजारगावात पोहोचायचे, तिथल्या पडक्या गढीच्या सावलीत डबे उघडायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

त्या पहिल्या रविवारी मी पाहिले, की पहिल्या शेताचा बांध आला तशा आपा थांबल्या. पायातल्या चपला काढून त्यांनी हातात घेतल्या आणि मोठ्याने हाक मारली, “मालक, जाऊ का?”

शेतात चिटपाखरू नव्हते. मी म्हणाले, “आपा, इथं कुणीच नाही.”

“शेत तर आहे ना!”

मुली हसल्या. आपाही हसल्या, पण चपला हातातच राहिल्या. पुढच्या प्रत्येक बांधावर तेच. एका विहिरीवरून एक म्हातारी ओरडली, “आवं आपा, दर साली काय इचारता? जावा की!” आपा म्हणाल्या, “मागच्या साली तुम्ही मागच्या सालचं हो म्हणालात, काकू.”

हे त्यांनी का धरले होते, ते मी एकदाच विचारले. निजामाचे राज्य ज्या कारवाईने संपले, तिला आमच्याकडे पोलीस ॲक्शन म्हणतात. त्यानंतर त्यांचे दोन्ही भाऊ कराचीला गेले. आपा राहिल्या. “तिकडच्या नद्या मला कुठं ठाऊक आहेत?” असे त्या हसण्यावारी नेत. पण त्या दिवशी गढीच्या सावलीत त्या म्हणाल्या, “त्या काळात आधी काही लोक न विचारता दुसऱ्यांच्या घरात शिरले, मग ते दुसरे या पहिल्यांच्या घरात शिरले. दोन्ही मी पाहिलं. मी तरी विचारून जाईन.” आणि लगेच डब्यातली खिचडी माझ्या पुढे सरकवली. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

एका वर्षी मात्र याच सवयीने घोटाळा केला. नदीला लागून असलेल्या बांधावर बाभळीखाली एक वृद्ध गृहस्थ तंबाखू मळत बसले होते. आपांनी चपला काढून विचारले. “जावा की, माय! आन् पोरींना ढाळे घ्या म्हणावं. घ्या, मन भरून घ्या!” ढाळे म्हणजे हिरव्या घाट्यांनी लगडलेली हरभऱ्याची रोपे. मालकानेच म्हटल्यावर आमच्या पोरींनी ओळीच्या ओळी उपटल्या आणि गढीपर्यंत सोलून खात गेल्या.

पुढच्या रविवारी त्या बांधावर बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या होत्या आणि पलीकडे एक धिप्पाड माणूस कमरेवर हात ठेवून उभा होता.

“शाळेच्या बाया पोरींना चोरी शिकवत्यात व्हय?”

“चोरी नाही, भाऊ. आम्ही विचारलं होतं.”

“कुणाला इचारलं?”

आपांनी बाभळीखालच्या आजोबांचे वर्णन केले. तो माणूस कपाळावर हात मारून म्हणाला, “किसन! माझा थोरला भाऊ त्यो! बांधाच्या अल्याड त्याचं, पल्याड माझं. वाटण्या झाल्यापासून बोलणं न्हाई, चालणं न्हाई, आन् माझा हरभरा वाटतोय? उद्या माझे बैल वाटंल! आता हितनं कुणीच जायचं न्हाई.”

हे दगडूभाऊ. त्यांच्या ‘कुणीच’मध्ये आमच्यापेक्षा दुसऱ्याच मुली सापडल्या. वरच्या वस्तीवरच्या पोरी गढीच्या गावातल्या शाळेत याच बांधावरून जात. त्यांच्यातली चंद्रकला आम्हाला दरवर्षी वाटेत भेटायची. सातवीत होती, आपांकडून नकाशा मागून घ्यायची. तिची आई आपांना म्हणाली, “सडकेनं लई लांब पडतं, आपा. ट्रका धावत्यात. अन् तिच्या बापाला निमित्तच पाहिजे व्हतं. येत्या लगीनसराईत उरकून टाकू म्हणत्यात.”

मी चिडले. म्हणाले, “वहिवाटीची वाट आहे. तहसीलदाराकडे अर्ज करू.”

“नक्को,” आपा म्हणाल्या. “चुकीच्या माणसाला मी विचारलं. आणि इजाजत मागणाऱ्याची ‘नाही’ ऐकायची तयारी पाहिजे. नाही तर ती इजाजत कसली, तो हुकूम झाला.”

मग दर रविवारी आपा त्या काट्यांपाशी जाऊ लागल्या. बहुतेक वेळा मीही असे. चपला हातात. “मालक, जाऊ का?” दगडूभाऊ म्हणत, “न्हाई.” आपा म्हणत, “बरं,” आणि आम्ही मागे फिरून सडकेने जात असू. चंद्रकलेच्या वडिलांना त्या सांगून आल्या, “वाट उघडेपर्यंत पोरीचं काही ठरवू नका.” ते म्हणाले, “कवा उघडंल?” “मालकाच्या मनात येईल तेव्हा.” यावर कुठल्या बापाने थांबावे? मला तर धीरच उरला नव्हता. दगडूभाऊंचे उत्तर मात्र हळूहळू लांबत चालले होते. आधी नुसते ‘न्हाई’. मग ‘न्हाई म्हणलं ना, बाई’. मग एकदा, “न्हाई. पर उन्हाचं आलाय तर पाणी प्या.”

तेवढ्यात आपांना हिवतापाने गाठले. त्या अंथरुणाला खिळल्या आणि रविवार चुकू लागले. एके दिवशी मधल्या सुट्टीत शिपाई मला बोलवायला आला. फाटकाशी दगडूभाऊ सायकल धरून उभे होते. मागे कॅरिअरला ढाळ्यांची पेंढी बांधलेली.

“त्या इचारणाऱ्या बाई कुठं हायत?”

“आजारी आहेत.”

“मंग सांगावा तरी धाडायचा! मी आपला बांधावर बसून ऱ्हायलो. न्हाई म्हणू तरी कुणाला?”

मी त्यांना आपांच्या घरी नेले. आपा शाल लपेटून पडल्या होत्या. पेंढी पाहिली, माणूस पाहिला आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या, “मालक, जाऊ का?”

दगडूभाऊंनी तोंड फिरवले. मग म्हणाले, “जावा, माय. वस्तीवरच्या पोरीबी जाऊ द्या. पर हाक मारून. आन् मला! त्या किसनला न्हाई.”

काट्या निघाल्या. चंद्रकला सातवी झाली, पुढे शिकून नर्स झाली. पोरी बांधाच्या टोकाला उभ्या राहून एका सुरात ओरडत आणि विहिरीवरून दगडूभाऊंचे ‘जाऽवा!’ येईपर्यंत हलत नसत. शाळेत उशीर झाला तर मास्तरांना सांगत, “मालकानं ओ दिली नव्हती, गुरुजी.” मास्तर ते कारण चालवून घेत.

आपा गेल्या त्या हिवाळ्यातल्या सकाळी मी त्यांच्या घरी दारापाशी बसले होते. बायकांचे रडणे चालू होते. बाहेर कोणीतरी थांबल्यासारखे वाटले म्हणून पाहिले, तर दगडूभाऊ. केस पांढरे झालेले. चपला हातात. उंबऱ्याबाहेरून आतल्या चादरीकडे पाहत ते म्हणाले, “आपा, येऊ का?”

आणि तसेच उभे राहिले. उत्तराशिवाय ते आत येणार नाहीत, हे मला कळले. मी म्हणाले, “या, भाऊ.” तेव्हा ते आत आले.

मुलांनो, इंग्रजी मी कॉलेजात शिकले, पण कुणाच्या दारात कसे उभे राहावे हे मला आपांनी शिकवले. त्याच शिकवणीवर मी या शहरात, सासरी, शाळेत, सगळीकडे निभावले. हे त्यांचे देणे मी तुमच्या हाती देते.

गेल्या हिवाळ्यात तुमच्या मामाने मला गाडीने तिकडे नेले. किसन आबा नाहीत, दगडूभाऊ नाहीत. दोन्हीकडून नांगरून नांगरून आजूबाजूचे बांध करंगळीएवढे झाले आहेत. या दोन भावांमधला हा एक बांध मात्र अजून दोन माणसे शेजारी चालतील एवढा रुंद आहे. दगडूभाऊंचा नातू ट्रॅक्टर चालवतो आणि बांध आला की फाळ उचलतो. तिथे फाटक नाही, पाटी नाही. शाळेच्या मुली सायकलींवरून येतात, बांधाशी उतरतात, हाक मारतात आणि ओ आली की सायकली हातात धरून पलीकडे जातात.