बाण नसलेली रेघ

घरातून निघताना मी गॅसचं बटण दोनदा बघते. कुलूप लावल्यावर ओढून बघते, आणि एसटीत बसल्यावर नवऱ्याला फोन करून विचारते, "ओढलं होतं ना मी?" तो म्हणतो, तू कारखान्यात लागलीस तेच बरं, तिथं निदान काळजीचा पगार तरी मिळतो. खालापूरहून मोहोपाड्याला जाऊन मी एका रासायनिक कारखान्यात ड्रॉइंगं काढते. कामही कंत्राटी, त्यामुळे काळजीला कधी तोटा पडलेला नाही.

गेल्या वर्षी आमच्या सुरक्षा विभागाच्या साहेबांनी मला एक नकाशा काढायला सांगितला. कारखान्यातून वायू सुटलाच, तर भिंतीपलीकडच्या वस्तीतल्या लोकांनी कुठे जायचं, याचा नकाशा. वस्तीच्या एका टोकाला आमचं फाटक आणि बाजूला, ओढ्यापलीकडे, शाळेचं मैदान. मधल्या घरांपैकी एक माझ्या आईचं. वडील गेल्यापासून ती तिथं एकटीच राहते, माझ्याकडे चल म्हटलं तर ऐकत नाही. तेव्हा हा नकाशा मी कारखान्यासाठी कमी आणि तिच्यासाठी जास्त काढला. फाटकापासून निघून गल्ल्यांमधून मैदानापर्यंत जाणारी जाड लाल रेघ, तिच्यावर मैदानाकडे तोंड केलेले मोठे बाण, आणि फाटकापाशी भोंग्याची खूण म्हणून एक छोटीशी घंटा.

आमच्या संगणकावरचं चित्र मापांवर उभं असतं. रेघ कुठून कुठे, जाडी किती, एवढंच त्याच्या पोटात असतं, म्हणून ते भिंतीएवढं मोठं केलं तरी कुठे फाटत नाही. पण वस्तीतल्या मोबाइलवर ती फाइल उघडतच नाही, तिथं साधा ठिपक्यांचा फोटो लागतो. आमच्या प्रोग्रॅममधून थेट काढलेला फोटो पुसट यायचा. म्हणून ऑफिसात सगळेच एका फुकटच्या वेबसाइटवर फाइल टाकायचे. चौकटीत फाइल सोडायची, हिरवी पट्टी भरेपर्यंत थांबायचं आणि तयार फोटो उतरवून घ्यायचा.

माझा पहिला फोटो मोबाइलवर उघडला तर काळाकुट्ट. मूळ फाइलला पाठीमागे रंगच दिलेला नव्हता, तिथं काळा आला आणि गल्ल्यांची काळी नावं त्यात बुडाली. मग पांढरा रंग दिला, आकार मोठा केला, पुन्हा फाइल चढवली. या वेळी मी एकेक गल्लीचं नाव, एकेक वळण बोट ठेवून वाचलं. काळं गेलं, नावं आली, म्हणून मी फोटो साहेबांना पाठवला. त्यांनी तो वस्तीच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी मी आईला फोन केला.

"ग्रुपवर नकाशा आलाय, मी काढलेला. उद्या सराव आहे. भोंगा वाजला की त्याच्याप्रमाणे निघायचं, कळलं?"

"कळलं गं. मी काय कुक्कुलं बाळ हाय?"

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता भोंगा होणार होता. साडेदहाच्या सुमाराला मी फाटकातून आत येत होते, तेव्हा तिथल्या वॉचमननं मला थांबवलं आणि मोबाइल पुढे केला.

"मॅडम, ही लाल रेघ हिकडून तिकडं, का तिकडून हिकडं?"

मी हसून म्हणणार होते, बाण बघा की. आणि बघितलं, तर बाण नव्हतेच. रेघ होती, नावं होती, घंटा होती. बाण एकही नव्हता.

मी धावत टेबलाशी गेले आणि मूळ फाइल उघडली. तिच्यात सगळे बाण ठणठणीत होते. आमच्या प्रोग्रॅममध्ये बाणाचं टोक रेघेला वेगळं चिकटवलेलं असतं. त्या वेबसाइटनं रेघ घेतली आणि टोकं टाकून दिली, आणि हिरवी पट्टी तरीही भरली. मी मात्र काळ्या रंगाला भिऊन नावं वाचत बसले होते.

खोटं कशाला सांगू, गप्प बसावं असंही मनात येऊन गेलं. पुढच्याच महिन्यात माझं कंत्राट नवं व्हायचं होतं, आणि लोक मैदानावर जातीलच, ठाऊक असतं सगळ्यांना. पण माझ्या नकाशावर विसंबून निघणारी माझी आईच होती. तिला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. ती फोन चार्जिंगला लावते आणि ओट्यावर विसरते, हे मला माहीत होतं. तरी मी पाच वेळा लावला. वस्तीच्या ग्रुपवर फक्त साहेबांनाच लिहिता येत होतं, म्हणून मी त्यांना शोधत सुटले. ते तपासणीला आलेल्या पाहुण्यांसोबत उभे होते.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. माझी चूक, असंही सांगितलं.

त्यांनी घड्याळ बघितलं. "आता पाच मिनिटं राहिली, मॅडम. गल्लीगल्लीत आपली माणसं उभी आहेत, ती वळवतील लोकांना."

"नाही वळवलं तर?"

"अहो, सराव आहे हा," ते म्हणाले आणि पाहुण्यांकडे वळले. तेवढ्यात भोंगा झाला.

मी फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. बरीचशी माणसं ओढ्याकडे वळताना दिसली आणि मला जरा धीर आला. मग गल्लीच्या तोंडातून, भोंग्याच्या आवाजाकडे, तरातरा चालत एक बाई आली. नाकाला पदर, काखेत कागदपत्रांची पिशवी, हातात पाण्याची बाटली. ती माझी आई होती.

फाटकापाशी शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या माणसानं तिला थांबवलं आणि तिच्या मनगटाला लाल फीत बांधली. चुकून वायूच्या तोंडी आलेल्यांना ती फीत बांधायची, असं सरावात ठरलं होतं. आईनं मला बघितलं आणि हात वर केला.

"बघ, मीच पयली आले!"

तिचा चेहरा असा फुलला होता की मला रडूच फुटलं. शिट्टीवाला आमच्याकडे बघत राहिला.

"आई, इकडे का आलीस गं?"

"का म्हंजे? हितं घंटा काढलीयस ना? शाळेत मी शिपाई व्हते तवा घंटा दिली की पोरं माझ्याकडंच पळत यायची. जिथं घंटा तिथं जायचं."

"आई, नकाशा चुकला. माझा चुकला. तिकडं मैदानावर जायचं होतं. ही फीत चुकलेल्यांची आहे."

तिनं फितीकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागावली नाही. नाकावरचा पदर तेवढा खाली घेतला.

"तरीच," ती म्हणाली. "निघताना दोरीवरची साडी बघितली मी. वास सुटला की आमी साडीच बघतो, वारा कुनीकडनं हाय ते, आन मग वाऱ्याला आडवं निघतो. आज वारा फाटकाकडनंच येत व्हता."

"मग कळत होतं तुला, तरी इकडे आलीस?"

"तू काढलं व्हतंस ना गं."