टाचेचं भेटकलम

"आधी चपला दाखवा."

डॉक्टरांचं पहिलं वाक्य हेच. पेशंटच्या तोंडाकडे बघायचंच नाही. चप्पल हातात घ्यायची, उलटी करायची, तळ कुठे झिजलाय ते अंगठ्याने चाचपायचं आणि चपलेशीच बोलल्यासारखं म्हणायचं, "बाहेरच्या कडेवर भार पडतोय. का बरं?" लोकांच्या मळक्या चपला इतक्या हौसेने हातात घेणारा शिकलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी एकच पाहिला, आणि त्याने मला फसवलं. म्हणून हे लिहितोय.

मी जुन्या ट्रॅक्टरांचा व्यापारी. नाशिकला आग्रा रोडवर माझं आवार आहे. निफाड, येवला, सटाण्याकडचे ट्रॅक्टर घ्यायचे, दुरुस्त करायचे, विकायचे. दुसऱ्यांचे ट्रॅक्टर धुण्यापासून सुरुवात केली आणि सौद्यात कोणाच्या बापाचं ऐकलं नाही. माझी एक पद्धत होती. विकणारा चिडून ट्रॅक्टर चालू करून निघाला, की मी मागच्या चाकासमोर उजवा पाय ठेवायचो. "बोला, शेवटचं बोला." माणसाच्या पायावर चाक घालायला कोणी धजत नाही. भाव उतरतो.

निफाडच्या एका बागाईतदाराने चाक घातलं. क्लचवरून पाय सटकला असं तो म्हणतो. मला ते अजून पटलेलं नाही. टाचेची कातडी, चप्पल काढावी तशी निघाली. पहिल्या दवाखान्यात म्हणाले, हाड उघडं पडलंय, गुडघ्याखालून काढावा लागेल. मी तिथल्या डॉक्टरांना शिव्या घातल्या. बायकोने रिक्षात घालून या डॉक्टरांकडे आणलं.

मी स्ट्रेचरवर विव्हळतोय आणि हे म्हणतात, "आधी चपला." बायकोने पिशवीतून डावी तेवढी काढली. उजवी ट्रॅक्टरखालीच राहिली होती. डॉक्टरांनी ती उलटी केली.

"टाच फार झिजलीय. टाचा रोवून भांडायची सवय दिसते."

"मी भांडत नाही!" मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेरचे दोघे आत डोकावले.

मग त्यांनी समजावलं. "शेठ, आंब्याचं भेटकलम बघितलंय? दोन झाडं जवळ आणून बांधतात. कलम लागलं की आईझाडाकडची फांदी कापतात. तसंच. तुमच्या डाव्या पिंढरीची कातडी तीन बाजूंनी सोडवायची, चौथ्या बाजूने पिंढरीलाच ठेवायची आणि उजव्या टाचेवर शिवायची. टाच त्या कातडीला आपलं रक्त द्यायला लागली, की पिंढरीकडची बाजू तोडायची."

"म्हणजे तोवर पाय एकमेकांना शिवलेले?"

"हो."

"आणि पिंढरी उघडी पडेल, तिथे काय?"

"मांडीची पातळ साल."

"आणि मांडीला?"

"मांडीला हवा. ती आपली आपण भरते."

एकाचं काढून दुसऱ्याला, दुसऱ्याचं काढून तिसऱ्याला, आणि शेवटी हवा! हा धंदा मी चांगला ओळखतो. मी मुद्द्यावर आलो. "किती दिवस?"

"अठ्ठावीस."

"पंधरा."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "सव्वीस."

"अठरा. पाय माझा आहे."

"कातडी मरेल, शेठ. मग गुडघ्याखालून काढायला मला लावू नका." त्यांनी बराच वेळ छताकडे बघितलं. "एकवीस. त्याच्या खाली नाही."

"दिले," मी म्हणालो. ऑपरेशनला नेताना बायकोच्या कानात सांगितलं, "सात दिवस तोडले."

ऑपरेशन झालं. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, मध्ये लाकडी दांडा, आणि टाचेवरची कातडी दिसावी म्हणून प्लास्टरला एक खिडकी. डॉक्टर बायकोला म्हणाले, "वहिनी, पाय हिसकला तर सगळं फुकट जाईल आणि यांना राग आला की हे सगळेच्या सगळे हलतात. घरात पोळ्याची घुंगूरमाळ आहे?" बायकोने माहेराहून मागवली. इतक्या उत्साहाने तिने माझं दुसरं कोणतंच काम केलेलं नाही.

ती माळ माझ्या प्लास्टरला बांधली. मला राग आला की ती वाजायची, आणि कुठूनही सिस्टरची हाक यायची, "शेठ, वाजलात!"

वरणात मीठ नाही, वाजलो. शेजारच्या कॉटवरच्या मास्तरांनी माझा पेपर आधी वाचला, वाजलो. नुसत्या विचाराने वाजलो. वॉर्डातले पेशंट आपसात म्हणायचे, "बैल जागा झाला." तेही मला ऐकू येत होतं, आणि त्यानेही मी वाजत होतो.

दहाव्या दिवशी निफाडवाला द्राक्षांची पेटी घेऊन भेटायला आला. कॉटजवळ बसला, पायांकडे बघून हळहळला आणि म्हणाला, "शेठ, तुमचा सौदा तसाच राहिला. येवल्याचं गिऱ्हाईक मागं लागलंय. देऊन टाकू का त्याला?"

माझा पाय चिरडणारा ट्रॅक्टर दुसऱ्याला! मी उठलोच. म्हणजे उठायला गेलो. घुंगरं अशी खणाणली की मास्तर कॉटवर उठून बसले. सिस्टर धावली, प्लास्टरच्या खिडकीतून बघितलं आणि काही न बोलता डॉक्टरांना बोलवायला गेली. ती बोलली नाही तेव्हा मी घाबरलो.

कातडीची कड निळसर झाली होती. डॉक्टरांनी बोटाने दाबून बघितलं, सोडलं, परत दाबलं.

"जगेल?" मी विचारलं.

"ते तुम्हाला विचारायला हवं." त्यांनी स्टूल ओढलं आणि माझे दोन्ही पाय, प्लास्टरसकट, आपल्या दोन हातांत घट्ट धरले. मग मान वळवून निफाडवाल्याला विचारलं, "तुमचा आकडा काय?"

त्याने सांगितला. मी तोंड उघडलं.

"शेठ, एक शब्द नाही."

घुंगरू नुसतं किणकिणलं.

"दिला," डॉक्टर म्हणाले.

निफाडवाल्याचा चेहरा पडला. "अहो डाक्टर, जरा तरी घासाघीस करा. म्या वाढवून सांगितला व्हता. असं नसतं वो."

"दिला म्हणजे दिला. ट्रॅक्टर यांच्या आवारात लावा. आता जा."

तो गेला. जाताना तीनदा मागे वळून बघत होता, काहीतरी चुकल्यासारखा. मी डोळे मिटून पडून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याने सांगितलेल्या भावाने माल घेतला होता, तोही दुसऱ्याच्या तोंडाने. पण आता भांडायला काही शिल्लकच नव्हतं. पाय हलले नाहीत. डॉक्टरांनी हात काढले नाहीत. बाहेर पेशंट आपापल्या चपला हातात धरून ताटकळत उभे होते. संध्याकाळी कधीतरी डॉक्टर म्हणाले, "लाल होतेय," आणि त्यांनी आपली आखडलेली बोटं एकेक करून सरळ केली.

एकविसाव्या दिवशी पाय सुटे झाले. मी सिस्टरला ऐटीत म्हणालो, "अठ्ठावीसचे एकवीस केले मी."

सिस्टर पट्टी गुंडाळत म्हणाली, "शेठ, इथे सगळ्यांचे एकवीसच असतात."

मी वाजलो नाही, कारण माळ काढली होती. पण ओरडलो भरपूर. डॉक्टर दारातून म्हणाले, "ओरडा, आता परवानगी आहे. फक्त टाच टेकवू नका."

पुढे काही महिन्यांनी चालू लागलो, मऊ रबराच्या चपला घालून. तर टाचेला केस आले. पिंढरीची कातडी, ती पिंढरीसारखीच वागणार. मी भांडायला गेलो. डॉक्टर म्हणाले, "दाढी करता ना रोज? अजून चार बोटं खाली जा." आमच्या न्हाव्याने टाच बघून वस्तरा खाली ठेवला. तेव्हापासून दर रविवारी मी स्वतःच साबण लावतो. आधी गाल, मग टाच. टाचेला काही जाणवत नाही म्हणून आरशात बघून करावी लागते. बायको त्या वेळी खोलीत थांबत नाही, तिला हसू आवरत नाही.

तो ट्रॅक्टर अजून माझ्या आवारात उभा आहे. त्या भावाला कोणी घेत नाही आणि त्याखाली मी देत नाही.

दर वर्षी मी तपासणीच्या निमित्ताने डॉक्टरांशी भांडायला जायचो. दिवसांवरून, ट्रॅक्टरवरून, केसांवरून. ते ऐकून घ्यायचे, चपला उलट्या करायचे, अंगठा फिरवायचे. "दोन्ही सारख्या झिजल्यात. जा आता." एवढ्यासाठी मी दीड तास नंबर लावून बसायचो.

एका वर्षी गेलो तर दवाखान्याला कुलूप. शेजारच्या केमिस्टने सांगितलं, डॉक्टर चार दिवसांपूर्वी गेले. तसाच त्यांच्या घरी गेलो. दाराबाहेर चपलांचा हा ढीग, आणि निम्म्याहून जास्त माझ्यासारख्याच मऊ रबराच्या. आत फोटोला नमस्कार करून बाहेर आलो, तर मार्केट यार्डातला एक हमाल पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होता. टाच दाखवून म्हणाला, "तुमची बी?"

"हो."

"किती दिवस बांधले व्हते?"

"एकवीस."

तो सरकून जवळ आला, आवाज खाली केला. "मला पस्तीस सांगितले व्हते. मी लय ताणलं. शेवटी एकवीसवर आणला गड्याला. डाक्टर व्हते मोठे, पर सौद्यात मीच वाकवलं त्यांना."

म्हणजे माझ्यापेक्षाही जास्त सांगितले होते त्याला. निदान आकडा वाढवून फसवलं ते मला एकट्यालाच, एवढं समाधान होतं, तेही गेलं. सगळ्यांचे एकवीसच असतात, हे तोंडाशी आलेलं मी सांगणार होतो. त्याने डोळे पुसले, तशाच हाताने चप्पल झटकली.

"भारी सौदा केलात," मी म्हणालो.

"मंग!" तो उठला आणि दोन्ही टाचा नीट टेकवत फाटकाबाहेर गेला.

मी माझ्या चपला ढिगातून शोधल्या. घालायच्या आधी उलट्या करून बघितल्या. दोन्ही सारख्या झिजल्या होत्या. तरी थोडा वेळ तशाच धरून उभा राहिलो, कोणी हातात घेतंय का म्हणून.