पुण्याच्या दारात धोंडी

पुण्याला निघालो तेव्हा नागभीडच्या फलाटावर बाबांनी माझ्या हातातला डबा घेतला, झाकण काढलं आणि आतली बेडकं पलीकडच्या धानाच्या बांधीत सोडून दिली. "तिथी हे असं धराचं नाई. माणसावानी राहाचं," म्हणाले. गाडी सुटेस्तोवर मी भोकाड पसरलं होतं.

गावी राहिलेल्यांनो, बेडूक पकडण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, हे तुम्ही तरी कबूल कराल. खेकडे, काजवे, मखमली किडे, काही सोडलं नाही. पुण्याच्या कॉलनीतली मुलं पाल दिसली तरी किंचाळायची आणि माझ्या 'मले-तुले'ला हसायची. मला त्यांच्यात घ्यावं, एवढंच हवं होतं.

त्या वर्षी पाऊस अडला. टँकर आला, बायका भांडल्या, पण पावसासाठी कोणी बोट हलवेना. गावात अशा वेळी पोरं बेडूक कडुनिंबाच्या पाल्यासकट मुसळाला बांधतात आणि ती धोंडी दारोदार नेतात. घरची बाई तिच्यावर तांब्याभर पाणी ओतते, सुपातून तांदूळ घालते. मी गटाराकाठचा बेडूक धरला, मुसळ नव्हतं म्हणून झाडूच्या दांड्याला बांधला आणि "धोंडी आली!" म्हणत जिना चढले. वाटलं, आता सगळी पोरं मागे लागतील.

पहिलं दार धाडकन लागलं. दुसऱ्या दारातल्या काकूंनी लांबूनच चार आणे फेकले. म्हणाल्या, "पुढे जा."

संध्याकाळी त्यांनीच बाबांना जिन्यात गाठून ऐकवलं. बाबा चपला न काढताच घरात आले.

"तुह्या आज्यानं धम्माची दीक्षा घेतली, तवापासून आपल्या घरचं कोणी कोणाच्या दारात हात पसरला नाई. अन् तू भीक मागून राह्यली?"

अहो, मी मागत नव्हते, पाऊस आणत होते! पण हे त्यांना सांगणार कसं? त्या दिवसापासून घरात आमची गावची बोली बंद झाली.

बाबा चुकले असं आजही म्हणवत नाही, आणि मी चुकले असंही नाही. म्हणून तर इतकी चीड येते. राग काढायचा कोणावर? मी शुद्ध बोलायला शिकले, मैत्रिणी मिळाल्या, स्वतःचा फ्लॅट झाला. माझ्यासारखे निघून आलेले विचारतात, गावी आता आपलं काय उरलंय? काही नाही. घरसुद्धा विकलं. पण इतकी वर्षं इथे काढून मला अजून एक दार सापडलेलं नाही, जिथे चिखलाच्या हातांनी उभं राहावं आणि आतली बाई काही न विचारता तांब्या आणायला वळावी.