मुक्या गिटारी

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जन्मभर कवळ्या बनवत आले. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप पाठवायचे, आणि त्यावरून प्लास्टरचा साचा ओतून, मेणात एकेक दात बसवून, घासूनपुसून कवळी तयार करायचं काम भाऊजींच्या लॅबमध्ये चालायचं. दाताचा पांढरा रंग किती प्रकारचा असतो यावर ते तासभर बोलू शकायचे, आणि बोलायचेही. चार लोकांत कुणी खळखळून हसलं की मला कोपराने ढोसून हळूच म्हणायचे, "वरचे माझे. खालचे त्याचे स्वतःचे."

मग लॅबच्या मालकाने मशीन आणलं. पडद्यावर जबडा दिसायचा आणि मशीन दात कोरून द्यायचं. भाऊजींना आधी मशीनसमोर बसवलं, मग मशीनच्या शेजारी, आणि मग घरी. पन्नाशी उलटून गेलेली. ताई शाळेत शिकवायची, त्यामुळे घराचं अडत नव्हतं. पण नवरा दिवसभर स्वयंपाकघरातले चमचे घासून चकचकीत करत बसतो हे बघून ती घाबरली.

त्याच सुमारास बिट्टीच्या गिटारची घोडी उखडली. बिट्टी ही त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणापासून क्लासिकल गिटार शिकत होती. नायलॉनच्या तारांची, नुसत्या बोटांनी वाजवायची. घोडी म्हणजे खालच्या बाजूला तारा बांधायची लाकडी पट्टी. भाऊजींनी जुना सरस खरवडून काढला, आणि घोडी अशी बसवली की नख फिरवलं तरी सांधा लागू नये. नंतर लॅबमधला, दात बघायचा दांडीचा छोटा आरसा गिटारच्या भोकातून आत घालून बघत बसले.

"काय शोधताय?" ताईने विचारलं.

"कुठे कीड लागलीय का बघतोय," असं म्हणून ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

पुढचं सगळं त्या हसण्यातून सुरू झालं. गिटारी बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराचा पत्ता बिट्टीच्या सरांनी दिला. भाऊजी त्याच्या गावी जाऊन हिवाळाभर राहिले. ओल्या फळ्या तापलेल्या नळीवर दाबून वाकवायच्या, आतून बारीक पट्ट्या चिकटवायच्या, लाखेचं पॉलिश कापसाच्या बोळ्याने थरावर थर चढवायचं, हे सगळं शिकले. निघताना म्हातारा म्हणाला, "हात तर तुम्ही तयारच घेऊन आलात. कान तुमचा तुम्हालाच तयार करावा लागेल." घरी आल्यावर त्यांनी हे मला मोठ्या खुशीत सांगितलं. त्यांना त्यातलं पहिलंच वाक्य ऐकू आलं होतं.

अडगळीच्या खोलीत कारखाना थाटला. ताईची शिलाई मशीन बैठकीत आली, गाद्यांची वळकटी माझ्या घरी. लाकडाचा भुसा डाळीतसुद्धा सापडायला लागला, पण ताईने ब्र काढला नाही. माणूस शीळ घालत होता ना, बस झालं.

आणि गिटारी काय देखण्या व्हायच्या! कडेची नक्षी अशी की दात जणू हिरडीत बसलेत. वादक यायचे, हातात घेऊन उलटसुलट करून बघायचे, थोडं वाजवायचे आणि अगदी जपून परत ठेवायचे. "सुंदर झालीय हो," म्हणायचे. सुरुवातीला भाऊजी फुलून जायचे. मग त्यांच्या लक्षात आलं, की सुंदर म्हणणारा माणूस पुन्हा येत नाही.

बिट्टी तोवर कार्यक्रम करायला लागली होती. वडिलांची गिटार ती घरी सरावाला घ्यायची. कार्यक्रमाला मात्र दुसऱ्या कुणाची तरी मागून आणायची. एकदा मी जेवायला गेलो होतो, तेव्हा भाऊजींनी विषय काढलाच.

"कालच्या कार्यक्रमाला माझी का नाही नेलीस?"

"अहो बाबा, ती सरांची हाताशी होती म्हणून."

"बिट्टे, खरं सांग."

बिट्टीने घास ताटात ठेवला. "बाबा, ती बोलत नाही. तोंडावर पांघरूण घेऊन कुणी बोलावं तसं वाटतं. मी खूप प्रयत्न करते."

"एक ती की सगळ्याच?"

ती ताटातला भात चिवडायला लागली. ताई पाणी आणायला उठली आणि बराच वेळ आलीच नाही. भाऊजी मान हलवत म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." मग शेवटपर्यंत नीट जेवले, ताटात एक शीतही टाकलं नाही. मला ते बघवलं नाही.

गिटारचा सगळा जीव वरच्या फळीत असतो. फळी जाड ठेवली तर तारांचा ताण सोसते, पण थरथरत नाही. पातळ केली तर गाते, पण ताण सोसेनाशी होते. या दोन्हींच्या मधली जागा केसाएवढी, आणि प्रत्येक लाकडात वेगळी. ती मापाने सापडत नाही. भाऊजींचा जन्म मापात गेला होता. कुठलीही गोष्ट तुटता कामा नये, चावता आलं पाहिजे, वर्षानुवर्षं टिकली पाहिजे, हे हातात इतकं मुरलं होतं की रंधा आपोआप लवकर थांबायचा.

पुढच्या गिटारला त्यांनी तो थांबू दिला नाही. मापाचं यंत्र कपाटात टाकलं आणि फळी तासत गेले. आतल्या पट्ट्याही छाटल्या. तारा चढवून बिट्टीच्या हातात दिली. तिने एकच सूर छेडला आणि बापाकडे बघितलं. मग एक अख्खी रचना वाजवली. स्वयंपाकघरातून ताई ओल्या हातांनी बाहेर आली.

"बाबा!" बिट्टी एवढंच म्हणाली.

त्या महिन्यातल्या कार्यक्रमाला तिने तीच गिटार नेली. माझी खुर्ची भाऊजींच्या शेजारची होती, पण ते बसलेच नाहीत, मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. खालचा एक सूर हॉलभर असा पसरला की खोकणारी माणसंसुद्धा थांबली. मी मागे वळून बघितलं. भाऊजींचं तोंड लहान मुलासारखं उघडं पडलं होतं. बाहेर आल्यावर माझा दंड घट्ट धरून म्हणाले, "ऐकलंस ना रे? तू पण ऐकलंस ना?"

फळी खचायला लागली ती त्यानंतर थोड्याच आठवड्यांत. घोडीच्या पुढे खड्डा पडला, तारा खडखडायला लागल्या. बिट्टीने आधी लपवलं. तारा सैल ठेवून वाजवायची, दुखऱ्या पायावर हलकेच भार द्यावा तशी. पण एक दिवस फळीला तडा गेला आणि तिला ती बाबांपुढे आणावीच लागली. भाऊजींनी प्रकाशात धरून एकदाच बघितली.

"मी मारली हिला."

"बाबा, दुरुस्त होईल."

दुरुस्त झालीही. आतून नव्या पट्ट्या लावल्या, तडा असा बुजवला की मलाही सापडेना. आणि गिटार पुन्हा मुकी झाली. बिट्टी म्हणाली, "असू दे, मी हीच वाजवत जाईन." भाऊजी तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "दया नको दाखवूस मला!"

त्यानंतरही ते काही वर्षं झगडले. एक गिटार मुकी, तर पुढची खचलेली. मग बिट्टीला दुसऱ्या शहरात संगीतशाळेत नोकरी लागली. जाताना तिने बरोबर नेली ती दुसऱ्याच कारागिराची गिटार. ती खोक्यात भरायला भाऊजींनीच मदत केली. चारी बाजूंनी कापडाच्या घड्या खुपसून, नीट.

मग खोलीतून आवाज येईनासा झाला. ताईने मला बोलावून घेतलं. भाऊजी बाकड्यापाशी बसलेले, हातात काहीच नाही.

"छंद म्हणून करा की," मी म्हटलं. "वाजली काय, न वाजली काय."

"वाजलेली ऐकलीय ना मी," ते म्हणाले. "न ऐकता मेलो असतो तर सुखी असतो. मला आता ऐकू येतं रे. बनवता येत नाही."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. तो तसाच निवून गेला.

उरलेलं लाकूड त्यांनी एका तरुण बाईला देऊन टाकलं. तीही गिटारी बनवायची. लाकूड न्यायला आली तेव्हा एक फळी कानाशी धरून तिने बोटाच्या पेराने टकटक केलं, आणि तिचा चेहराच बदलला. "काका, हे लाकूड कसलं भारी आहे! तुम्ही हे ठेवून का घेत नाही?" भाऊजी म्हणाले, "घेऊन जा, पोरी." आणि गाडीत भरायला लागले.

जाताना तिने भिंतीवरच्या गिटारींचं पॉलिश बघितलं, आणि माझ्या गिटारींना असं पॉलिश करून द्याल का, म्हणून विचारलं. ते नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. पण आता ते रोज तिच्याकडे जातात. कापसाचा बोळा घेऊन लाकडावर गोल गोल हात फिरवत बसतात. काम संपलं, की ती तारा चढवायला घेण्याआधीच उठून चपला घालतात.

"कशी वाजते हो तिची?" ताईने एकदा सहज विचारलं.

"मला काय माहीत," भाऊजी म्हणाले, आणि नखांत अडकलेली लाख टाचणीने काढत बसले.