भाऊंच्या पुस्तकातली एक फुली

पुढाऱ्याचं आत्मचरित्र हातात लाल पेन घेऊनच वाचावं, असं माझं मत आहे. माझा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये वह्या तपासण्यात गेला. अक्षर फार सुबक दिसलं की मी आधी संशय घ्यायची, आणि बहुतेक वेळा गृहपाठ मोठ्या बहिणीने केलेला निघायचा.

भाऊंचं पुस्तक तर गुळगुळीत कागदावर छापलेलं. भाऊ म्हणजे आमच्या भागाचे जुने आमदार, गेल्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाला मुलांनी हे पुस्तक काढलं आणि येईल त्याच्या हातात पेढ्याबरोबर एकेक प्रत ठेवली. मी पेढासुद्धा घेणार नव्हते. पण आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निघतानाच बजावलं होतं, "पुस्तक लई येजो, माय."

आप्पा भाऊंचे ड्रायव्हर. उभी हयात त्यांनी भाऊंची जीप हाकली. आता पंच्याऐंशी ओलांडली, दोन्ही डोळे गेले, आणि आई गेल्यापासून ते शहाद्याला माझ्याकडेच असतात. रोज सकाळचा चहा झाला की खाटेवर मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "वाच."

ते कशाची वाट बघत होते, मला माहीत होतं. मीही त्याचीच वाट बघत होते.

मी आठ वर्षांची असताना सारंगखेड्याच्या यात्रेत भाऊंचा थोरला मुलगा तापीत बुडाला. सहा वर्षांचा होता. भाऊ पाहुण्यांमध्ये अडकलेले, म्हणून मुलाला आप्पांच्या स्वाधीन केलेलं. मुलगा पाण्याकडे गेला तेव्हा आप्पा जवळ नव्हते. कुठे गेले होते, हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. भाऊंनीही चारचौघांत एवढंच म्हटलं, "तापीमायने नेला." ना पोलीस, ना शिवीगाळ, आप्पांची नोकरीसुद्धा तशीच राहिली. पण गावाचं तोंड कोण धरणार? "तुन्हा बापनी भाऊना पोऱ्या बुडाडा," हे मी शाळेत, विहिरीवर, आणि एकदा तर माझ्याच हळदीत ऐकलं.

आईचा मात्र ठाम विश्वास होता. ती म्हणायची, "असं पोर टाकून जाणारा हा माणूस नाही. भाऊंनीच यांना कुठेतरी पिटाळलं असेल. मोठी माणसं, स्वतःवर कशाला घेतील?" मरेपर्यंत हेच म्हणत राहिली, आणि तिचं हे म्हणणं मी जसंच्या तसं उचललं. भाऊ मला कधी आवडलेच नाहीत. जत्रा-सभेत डोक्यावर हात ठेवायचे तर मी मान काढून घ्यायची.

त्यात ती आखाजी. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आणि एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून आमरस-पुरणपोळी जेवू घालतात. तो जेवला की गेलेला जेवला. पितर बसवायचा तर भाऊबंदातला बसवतात. भाऊ मात्र दरवर्षी आप्पांना बसवायचे, त्या मुलाच्या नावाने! गाव म्हणायचं, बघा केवढं मन. मी म्हणायची, कसलं मन? वर्षातून एकदा सगळ्यांसमोर पाटावर बसवून आठवण करून द्यायची, की हाच तो. आप्पा तिथून आले की दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत.

तर अशा तयारीने मी पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर फुली. "मला सत्तेचा मोह कधीच नव्हता." अहो, मग पाच वेळा उभे कशाला राहिलात? पुढे एके ठिकाणी लिहिलेलं की दुष्काळात ते खांडबाऱ्यापासून डोंगरातल्या पाड्यापर्यंत पायी गेले. मी हे वाचलं आणि आप्पा खो खो हसले.

"पायी? मंग मी कोणले लई गयथू?"

मी दुसरी फुली मारली. पाड्यावर म्हणे भाकरी आणि मिरचीची चटणी अमृतासारखी लागली. आप्पा म्हणाले, डबा जीपमध्ये होता, पण चटणी खरंच खाल्ली, ठसका लागला होता. मग तिथे अर्धी फुली. असे आठ-दहा दिवस आमचे मजेत गेले. पेन कागदावर कुरकुरलं की आप्पा विचारायचे, "काय खरडी ऱ्हायनी?" आणि मी सांगायची, "मार्क कापतेय तुमच्या भाऊंचे."

त्या प्रकरणाशी आलो त्या सकाळी मात्र दोघांनाही चहा गोड लागला नाही. मी मनाशी ठरवलं होतं, आप्पांबद्दल वाकडं काही निघालं तर चार पानं गाळून पुढे जायचं. त्यांना काय दिसणार होतं?

पण तसं काही नव्हतं. भाऊंनी साधंच लिहिलं होतं, तेवढ्या चार पानांपुरता त्यांच्यातला पुढारी कुठे गेला होता कोण जाणे. लिहिलं होतं, मुलगा ड्रायव्हरपाशी होता. पाहुण्यांसाठी हार आणायला मीच ड्रायव्हरला बाजारात धाडलं. मुलाकडे मी बघतो, असं म्हणालो, आणि गप्पांत विसरलो. लोकांनी आयुष्यभर त्या गरीब माणसाला बोल लावला आणि मी ऐकत राहिलो. चूक माझी होती. तो आज हयात आहे, त्याच्या लेकराबाळांनी हे वाचावं.

आई गं, तू ऐकायला हवं होतंस! 'चूक माझी होती' ही ओळ मी पुन्हा वाचली, मोठ्याने, शेजारीपाजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग लाल पेनाने तिच्याखाली जाड रेघ ओढली, उत्तम उत्तराखाली ओढतात तशी. डोळे पुसले आणि म्हटलं, "आप्पा, ऐकलंत ना? सुटलात तुम्ही. छापून आलंय."

आप्पा गोधडीचा काठ चाचपत होते.

"हाई खोटं शे, माय," ते म्हणाले. "भाऊनी माले कोठेच धाडेल नव्हतं."

मला वाटलं, म्हातारपण. मग ते सांगायला लागले. जीपच्या आधी आप्पा टांगा हाकायचे, हे मला ठाऊक होतं. भाऊंकडे नोकरी लागली तेव्हा त्यांनी घोडी विकली, हेही ठाऊक होतं. त्या दिवशी यात्रेतल्या घोडेबाजारात ती घोडी पुन्हा विकायला आली होती. आप्पांनी तिला लांबून ओळखलं. मुलाला म्हणाले, इथेच बस, आलोच मी.

"तिनीबी माले वळखी लिधं," आप्पा म्हणाले. "मन्हा खांद्यावर तोंड ठेवं. मी तठेच उभा ऱ्हायनू."

परतले तेव्हा काठावर मुलाची फक्त चप्पल होती. त्याच संध्याकाळी त्यांनी भाऊंचे पाय धरून सगळं सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या कुणालाही सांगू नको म्हणाले. तुझ्या घरी बायको आहे, पोरगी आहे, असं म्हणाले. आणि आखाजीला पाटावर बसवलं की स्वतः वाढताना कानाशी येऊन दरवर्षी एकच बोलायचे: पोट भरून जेव, तो तुझ्यावर रागावलेला नाही.

मग, खरं सांगते, मला राग आला. आधी आप्पांचा, मग भाऊंचा, मग माझा. इतकी पानं मी ओळ न् ओळ संशयाने चाचपली, आणि जे मला हवं होतं ते मिळालं तिथे एकदाही विचारलं नाही, की हे खरं कशावरून? भाऊंनी हे आप्पांसाठी लिहिलं, की पुस्तकात एक पान तरी चांगुलपणाचं असावं म्हणून लिहिलं, तेही आता कुणाला विचारू? संशयाची ही खोड माझी जात नाही.

"आठे बी फुली मार," आप्पा म्हणाले.

"राहू द्या ना, आप्पा."

"खोटं शे ना? मंग मार."

मी पेन खाली ठेवलं. तेव्हा त्यांनीच हात पुढे केला, "दे माले पेन." मी पेन दिलं, पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. डाव्या हाताने त्यांनी पान चाचपलं, आणि दोन रेघा ओढल्या, आडव्यातिडव्या. फुली खाली कोऱ्या जागेत पडली. भाऊंच्या एका अक्षरालाही तिचा धक्का लागला नाही.

"लागनी का बरोबर?" त्यांनी विचारलं.

मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "लागली, आप्पा. अगदी बरोबर जागी लागली."