एका चुलीवरचे ख्रिस्ती

एकाहत्तरच्या जनगणनेत आम्हा शिक्षकांच्या गळ्यात घरोघर फिरायचं काम पडलं आणि मला ते मनापासून आवडलं. दुसऱ्याच्या घरात डोकावायची सरकारी परवानगी कुणाला नको असते? नियम दोनच ध्यानात ठेवायचे. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. आणि धर्म जो सांगतील तोच लिहायचा, आपली अक्कल पाजळायची नाही. हा दुसरा नियम मला विशेष पटला. आम्ही लिंगायत. आपण हिंदू की वेगळे, यावर आमच्या घरी आजोबा आणि काका भाकरी गार होईस्तोवर भांडत.

एका निवृत्त नर्सबाईंच्या घरी मात्र माझं पेन अडलं. त्यांच्याकडे बोअर मारायच्या कामावर आलेला एक तरुण अमेरिकन राहत होता. जेवायलाही त्यांच्याकडेच, म्हणजे नियमाने त्यांच्याच कुटुंबात. टेबलावर मी माणशी एक अशा दोघांच्या चिठ्ठ्या मांडल्या. त्याच्या चिठ्ठीवर धर्माची जागा आली तसा तो मोडक्या मराठीत म्हणाला, “ख्रिस्ती.”

“न्हाय बाई, तसं लिवू नका!” नर्सबाई कडाडल्या. “मॉर्मन पंथाचा हाय त्यो. बायबलाशेजारी आनि एक पुस्तक ठेवतोय. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हनले, असले लोक ख्रिस्ती नसत्यात. वर पंथात चालत न्हाय म्हून चहा बी पीत न्हाय की!”

मला वाटलं, निम्मा राग चहाचाच असावा. पण पोरगा कानापर्यंत लाल झाला होता.

“येशू माझा तारणारा,” तो हळू म्हणाला. “दुसरं लिहिलं तर खोटं होईल.”

त्याचे डोळे भरून आले. मला त्याची दया आली आणि बाईंचा राग. नियम माझ्या बाजूने होता, लिहून मोकळी झाले असते. पण मालकिणीला दुखवलं तर हा उद्या जेवणार कुठे? मी म्हटलं, “आधी तुमची चिठ्ठी भरू. तुमचा धर्म?”

“ख्रिस्ती,” त्या ताठ होऊन म्हणाल्या.

“नक्की?” खोड्या काढायची माझी जित्याची खोड. तोंडातून निसटलंच.

त्यांचा ताठा एकदम उतरला. मला जीभ चावावीशी वाटली.

“माझ्या बापानं मंद्रूपला बाप्तिस्मा घेतला,” त्या म्हणाल्या, “तवा शिरगणतीवाल्यानं हसत हसत हेच इचारलं हुतं. नक्की? आनि ख्रिस्ती लिवलंच न्हाय त्यानं. जुनी जात लिवून गेला. बाप दोन दिस जेवला न्हाय.”

त्यांनी त्या पोराकडे बघितलं आणि त्याची चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली.

“लिवा, त्यो म्हनतोय ते. पाळकसाहेबास्नी मी बघते.”