मास्तरांचा काळा-पांढरा फोटो

मधोमध दादा, खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग, उरल्या जागेत वाघ. कर्जतमधलं माझं दुकान असल्या वाढदिवसाच्या बॅनरांवरच चालतं, तेव्हा मी नावं ठेवू नयेत. तरी ठेवते.

एकदा खालापूरला एका फार्महाऊसवर चित्रांचं मोठं प्रदर्शन ठरलं. देशभरातले चित्रकार, आणि त्यांत आमचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. मूळचे पळसदरीचे, आता कर्जतला राहणारे. जाहिरातीचं काम मला त्यांच्याच शब्दावर मिळालं. "शहरातले येतीलच गं," ते म्हणाले, "पण माझ्या गावानं माझं एक चित्र पाहिलेलं नाय. ते येतील असं कायतरी कर."

मी रंगांची नुसती उधळण केली. प्रदर्शन भरवणाऱ्या मुंबईच्या मॅडमनी ती एका नजरेत निकालात काढली. पळसदरीच्या बॅनरवर त्यांना हवी होती पांढरी जागा, त्यात मास्तरांचा काळा-पांढरा चेहरा, खाली नाव, तारखा, पत्ता. बस्स. मी म्हटलं, "मॅडम, आमच्याकडे असा फोटो माणूस गेल्यावर लावतात."

"किती इंटरेस्टिंग," त्या म्हणाल्या, आणि तेच छापायला लावलं.

उद्घाटनाच्या सकाळी पळसदरीच्या फाट्यावर बॅनर लागला. त्याचा फोटो मोबाइलवरून ठाकुरवाडीला मास्तरांच्या थोरल्या बहिणीकडे पोचला आणि ती रडतच त्यांच्या कर्जतच्या दारात आली. मास्तर चहा पीत होते. "काल फोनवर तर चांगला व्हतास रं," म्हणत तिनं त्यांच्या पाठीत धपाटा घातला. मास्तरांनी मला बोलावून घेतलं, पण आम्ही पळसदरीला फोन करेपर्यंत तिथले टेंपो निघालेसुद्धा होते.

पत्ता बॅनरवर होताच. शोकसभा तिथंच असणार, असं सगळ्यांनी धरलं. पांढरे कपडे, हातात हार, चपला दाराबाहेर. एकेका चित्रापुढे माणसं हात जोडून गप्प उभी राहिली. "इतका तन्मय प्रेक्षक मी कुठेच पाहिला नाही," मॅडम माझ्या कानाशी भारावून म्हणाल्या. मी पदर तोंडात कोंबला.

तेवढ्यात मास्तर आतून आले. हार घेतलेला एक म्हातारा जागीच थिजला.

"मास्तर, तुमी हाय?"

"हाय. आलाच हात तर बघून जा."

म्हाताऱ्यानं हार त्यांच्याच गळ्यात घातला. मग पळसदरीच्या धरणाच्या चित्रापुढे कोणाचं शेत कुठं, यावर गावकऱ्यांची भांडणं सुरू झाली. मला लाज वाटत होती आणि भरूनही आलं होतं. मी मास्तरांना म्हटलं, "उद्या रंगीत बॅनर लावते."

"राहू दे गं," ते म्हणाले. "एरवी ही माणसं मी मेल्यावरच आली असती. मग त्यांना चित्रं कोणी दाखवली असती?"